नवीचा मुक्काम

तोच चष्मा तिसऱ्यांदा दुकानात आला, तेव्हा तिला हसू आवरेना.

डावी काडी पार चघळलेली. एका भिंगावर लांबलचक ओरखडा, आणि नाकावर टेकतो तिथला एक तुकडा तर गायबच. चष्मा कागदात गुंडाळून आणणारा उंच माणूस काउंटरपलीकडे डोळे बारीक करून उभा होता. चष्म्याविना त्याला समोरचं धड दिसत नसावं, कारण तो तिच्याशी नाही, तिच्या मागच्या जाहिरातीतल्या बाईशी बोलत होता.

“पडला,” तो म्हणाला.

“मागच्या वेळीही पडलाच होता,” ती म्हणाली. “कुणाच्या तोंडात पडतो, तेवढं सांगा.”

तो जाहिरातीवरून नजर काढून आवाजाच्या दिशेने वळला. मग हसला. हसू चांगलं होतं, हे तिने नोंदवून ठेवलं आणि लगेच स्वतःला दटावलं. या दुकानात फ्रेम सरळ करण्यात आणि भिंगं बसवण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. त्या नऊ वर्षांत चांगली हसणारी माणसं काय कमी आली असतील? चष्मा घेऊन सगळी आपापल्या वाटेने गेली होती.

“एक कुत्री आहे,” त्याने कबूल केलं. “मी गावाबाहेरच्या निवाऱ्यात काम करतो. लोकांनी सोडून दिलेली कुत्री येतात आमच्याकडे. त्यांना जरा माणसात आणायचं आणि घरं शोधून द्यायची. ही दीड वर्षाची आहे. तशी गरीब आहे हो... फक्त चष्मे खाते. तेही माझेच.”

“चव लागली असेल.”

“माझी?”

“चष्म्याची,” ती म्हणाली, आणि उगाचच ड्रॉवर उघडून बंद केला.

जुनी फ्रेम आता जगणार नव्हती. नवी घ्यायची म्हणजे डोळ्यांचं माप आलं. तिने त्याला स्टुलावर बसवलं, त्याच्या नाकावर छोटी पट्टी धरली आणि रोजच्यासारखं सांगितलं, “माझ्या डाव्या डोळ्यात बघा. आता उजव्या. हलू नका.”

“हललो नाही.”

“पापणी हलली.”

“ती माझं ऐकत नाही.”

“त्रेसष्ट,” ती म्हणाली आणि लिहून टाकलं. मग तिच्या लक्षात आलं, की पट्टीवरचा आकडा आपण वाचलेलाच नाही. पुन्हा माप घ्यावं लागलं. त्याने तक्रार केली नाही.

“तुमच्या स्वेटरवर पांढरे केस आहेत,” तो म्हणाला. इतक्या जवळून त्याला तेवढं दिसत होतं. “मांजराचे नाहीत.”

“अण्णांचे आहेत.”

त्याचा चेहरा पडला. “वडील... आजारी आहेत का?”

ती इतकी हसली, की काउंटरवर पेंगणारे मालक काका दचकून जागे झाले. “अण्णा म्हणजे कुत्रा! तेरा वर्षांचे आहेत. पण घरातलं वागणं असं, की मीच त्यांच्याकडे भाड्याने राहते.”

तो मात्र हसला नाही. म्हातारा, समजूतदार, माणसांत मुरलेला कुत्रा... त्याच्या कुत्रीला नेमकं असंच घर हवं होतं. माणसांवरचा तिचा विश्वास उडाला होता, पण दुसऱ्या कुत्र्याकडे बघून ती भराभर शिकायची. “सहा आठवडे ठेवून बघा,” तो म्हणाला. “नाही जमलं, तर मी परत नेईन. दर रविवारी बघायला यायचं, असा आमचा नियमच आहे.”

तिला दुसरा कुत्रा नको होता. पण दर रविवार, हे दोन शब्द तिने संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात बरेचदा उलटसुलट करून बघितले.

---

पहिली भेट घरात करायची नसते, हे तिला त्याच्याकडूनच कळलं. घर म्हाताऱ्याचं असतं, तिथे पाहुणा थेट घुसला की म्हातारा भडकतो. म्हणून मोकळ्या मैदानावर दोघांना दोन बाजूंनी आणलं. मध्ये वीस पावलांचं अंतर ठेवून चौघं एकाच दिशेने चालत राहिले. बघायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं सोबत चालायचं. हळूहळू वीसची पंधरा पावलं झाली, पंधराची दहा.

“माणसांनाही असंच भेटवायला हवं,” दहा पावलांवरून तो म्हणाला.

“भेटवतातच की. फक्त मध्ये टेबल असतं आणि दोन्हीकडचे नातेवाईक गुरगुरत असतात.”

अण्णांनी नवागत कुत्रीला एकदाच हुंगलं आणि तोंड फिरवलं. कार्यालयात नवा कारकून आल्यावर साहेब जसे फायलीतून मान वर करतात आणि पुन्हा खाली घालतात, तसं. नाव ठेवलं की जीव जडतो, म्हणून तिने कुत्रीला नाव ठेवलंच नाही, नुसतं ‘नवी’ म्हणत राहिली. आणि मग तेच नाव पडलं.

सोमवारी सकाळी कामावर निघताना ती दारात वाकून नवीला म्हणाली, “थांब हं, आलेच मी.”

संध्याकाळी दार उघडलं, तेव्हा नवी तिथेच होती. अगदी तिथेच, उंबऱ्यापासून एका वितीवर, सकाळी होती तशीच बसलेली. पाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. बसल्या जागी फरशी ओली झाली होती, आणि अंग असं थरथरत होतं, की गळ्यातला बिल्ला वाजत होता. पलीकडे स्वतःच्या गादीवर अण्णा जागे होते, आणि पहिल्यांदाच त्यांची पाठ नवीकडे नव्हती.

तिने त्याला फोन केला. तो अर्ध्या तासात आला. तिच्याशी न बोलता जमिनीवर आडवा झाला आणि नवी आपणहून जवळ येईपर्यंत तसाच पडून राहिला.

“तू तिला काय म्हणालीस? जाताना?” त्याने विचारलं. घाईत तुम्हीचं तू झालं होतं, दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

“थांब म्हणाले.”

हा शब्द कानावर पडताच नवी पुन्हा ताठ बसली. त्याने डोळे मिटून घेतले.

मग त्याने हळू आवाजात सांगितलं. ही कुत्री हमरस्त्याच्या कडेला एका मैलाच्या दगडापाशी सापडली होती. चार दिवस बसून होती तिथे. लोक खायला टाकायचे, ओढून न्यायला बघायचे, पण ती जागची हलायची नाही. “आम्हाला वाटलं, पाय मोडलाय. पाय ठणठणीत होता. कुणीतरी तिला ते सांगितलं असणार, आणि मग गाडीत बसून निघून गेलं असणार. एवढा एकच शब्द तिला पक्का शिकवला होता बघ त्यांनी.”

ती नवीच्या शेजारी जमिनीवर बसली. तिलाही तो शब्द चांगलाच ठाऊक होता. तीन वर्षांपूर्वी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, तो दुसऱ्या शहरात नोकरीला जाताना तेच म्हणाला होता. तू थांब इथे, मी बस्तान बसवतो आणि तुला नेतो. अकरा महिने थांबली ती. त्याचं बस्तान बसलं, अगदी छान बसलं, दुसऱ्याच कुणाशी तरी. मागे राहिले त्याचे अण्णा. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं होतं, की कुणाच्या सांगण्यावरून थांबायचं नाही आणि कुणाला थांब म्हणायचंही नाही. हे सगळं तिने त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

“हा शब्द या घरातून हद्दपार,” ती फक्त एवढंच म्हणाली.

“पण शिकवावं तर लागेल. रस्ता ओलांडताना काय करशील? दुसरा शब्द शोध. रोजच्या बोलण्यात येत नाही असा.”

तिने इकडेतिकडे बघितलं. टेबलावर ताईने पाठवलेलं पार्सल पडलं होतं. थोरल्या बहिणीला पत्ता अगदी जुन्या वळणाचा लिहायची हौस होती. “मुक्काम,” ती म्हणाली.

“मुक्काम?” तो हसायला लागला. “आणि सुटका कशी करायची? पोस्ट म्हणून?”

“सुटका... ‘झालं’. नुसतं ‘झालं’.”

बिस्किटं खिशातून काढून त्याने लगेच धडा सुरू केला. मुक्काम म्हटलं की बसायचं. झालं म्हटलं की उठायचं. आणि मुक्काम कितीही लांबला, तरी झालं म्हणणारा माणूस समोरच असणार, हा खरा धडा. तीन दिवसांत नवीला तो पाठ झाला. अण्णा मात्र हा सगळा पोरखेळ पाठमोरे बसून ऐकायचे. मुक्काम म्हटलं की ते मुद्दाम उठून चालू लागायचे.

---

मग रविवार यायला लागले.

दर रविवारी अकरा वाजता तो कागद घेऊन यायचा. कागदावर रकाने असायचे: खाणं, झोप, भांडणं, अंतर. हे शेवटचं मोजायला मजा यायची. नवी अण्णांच्या गादीपासून किती लांब झोपते, ते तो ओणवा होऊन वितींनी मोजायचा. पहिल्या रविवारी अकरा विती. दुसऱ्या रविवारी अण्णा गुरगुरले म्हणून चौदा. तिसऱ्या रविवारी सहा.

“आणि आपलं?” त्या दिवशी त्याने विचारलं. सोफ्याच्या एका टोकाला तो होता, दुसऱ्या टोकाला ती.

“आपला रकाना नाहीये कागदावर.”

“मागे कोरी जागा आहे.”

तिने उशी फेकून मारली. चष्मा वाकडा झाला. मग तो सरळ करायला तिलाच उठावं लागलं, कारण ते तिचं कामच होतं. त्याच्या कानांमागे बोटं घालून तिने काड्या चाचपल्या. “इथे टोचतंय?”

“नाही.”

“इथे?”

“तिथेही नाही. पण तू बघ अजून... नीट बघितलेलं बरं.”

तो हद्दपार शब्द दोघांनाही जपून टाळावा लागायचा. त्याचाच एक खेळ झाला. तो निघायला लागला, की ती म्हणायची, “चहा टाकलाय.” चहा संपला, की, “अण्णांचं औषध तूच दे ना, माझ्या हातून घेत नाहीत.” औषध झालं, की, “ऊन तरी उतरू दे.” थांब सोडून सगळं म्हणून व्हायचं, आणि तो प्रत्येक वेळी बूट काढून पुन्हा आत यायचा. त्याला कळत होतं. तिलाही वाटायचं, की त्याला कळतं आहे. एवढं पुरेल, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

पाचव्या रविवारी अंतर शून्य झालं. अण्णा आपल्या गादीवर नेहमीसारखे पाठमोरेच झोपले होते, पण गादीच्या एका कडेला सरकून. उरलेल्या जागेत नवी मुटकुळं करून, अण्णांच्या पाठीला नाक लावून झोपली होती. दोघं दारात उभे राहून ते बघत होते. तिचे डोळे भरून आले, आणि त्याने तिचा हात धरला. हात किती वेळ धरला होता, ते कुणी मोजलं नाही.

मग तो म्हणाला, “मला एक सांगायचं होतं.”

डोंगराकडच्या एका गावात नवा निवारा सुरू होणार होता. रात्रभराच्या प्रवासाइतका लांब. दोन वर्षांसाठी तिथे कुणीतरी पाहिजे होतं. “मला विचारलंय. शनिवारपर्यंत सांगायचंय.” त्याने तिच्याकडे बघितलं. नव्या चष्म्यातून त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि नेमकं तेव्हाच तिने मान फिरवली. “तुला काय वाटतं? तू म्हणालीस तर...”

पुढचं वाक्य त्याने तिच्यासाठी मोकळं सोडलं. एक शब्द हवा होता. तिच्या मनात तो आला, अगदी ओठांपर्यंत आला, आणि त्याच्या मागोमाग ते अकरा महिने आले. कुणाला थांबवून ठेवायचं? आपल्यासाठी? आणि उद्या त्याला त्याचा पस्तावा झाला तर?

“जा की,” ती म्हणाली. आवाज तिने फारच छान लावला होता. “एवढी चांगली संधी कोण सोडतं?”

“हो ना,” तो म्हणाला. “तेच म्हणतोय मी.” त्या दिवशी तिने चहा टाकला नाही, आणि त्याने बूट घालायला फार वेळ घेतला.

---

सहाव्या रविवारी कागदपत्रांवर सही झाली. नवी कायमची तिची झाली. तो सगळ्यांशी हसून बोलला, आणि बुधवारी सकाळी नव्या गावी जाता जाता लसींची वही देऊन जाईन, एवढं सांगून निघाला.

मंगळवारी ताईचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग तोफ डागली. “कुत्रीला दिलास नवा शब्द शोधून! स्वतःला नको? अगं, तोंड शिवलंय का तुझं? तो माणूस सहा आठवडे बूट काढतोय आणि घालतोय. त्याला एकदा सांग तरी.”

“सांगते,” ती म्हणाली. आणि खरंच ठरवलं तिने. उद्या सांगायचं. दोन वर्षं तर दोन वर्षं, नाहीतर जाऊच नकोस, जे काही तोंडाला येईल ते.

बुधवारी साडेसातलाच ती दोघांना घेऊन कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. पावणेआठला निवाऱ्याची जुनी गाडी आली. मागे त्याच्या बॅगा, एक पिंजरा, दोन घोंगड्या. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होत नाही म्हणून ते तसंच धडधडत होतं, आणि त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागत होतं. असल्या गोष्टी ओरडून कशा सांगायच्या?

त्याने वही दिली. नवीचे कान कुरवाळले. अण्णांसमोर वाकून म्हणाला, “येतो अण्णा. सांभाळा.” अण्णांनी दुसरीकडे बघितलं.

“बरं...” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली.

“चष्मा सैल झाला तर?”

“तिथेही असेल की कुणीतरी.”

“असेल,” तो म्हणाला. एक क्षण तसाच उभा राहिला, आणि मग गाडीत बसला.

गाडी हलली. दहा पावलं गेली, पंधरा, वीस. तेव्हा कुठे तिच्या छातीतलं ते सगळं एकदम वर आलं. तिने तोंड उघडलं. थ, एवढं अक्षर जिभेवर आलं सुद्धा, आणि तिची नजर खाली गेली. पायाशी नवी उभी होती आणि मान वर करून तिच्याकडेच बघत होती. निघालेली गाडी, रस्त्याची कडा, आणि तो शब्द. नाही. तो शब्द इथे, हिच्यासमोर, मरेपर्यंत नाही.

“मुक्काम!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. “मुक्काम!”

नवी चटकन बसली.

आणि अण्णा बसले. सहा आठवडे ज्यांनी या शब्दाला शेपूट सुद्धा हलवलं नव्हतं, त्या अण्णांनी तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं, आणि आपली दुखरी कंबर सावकाश खाली टेकवली.

वळणावर गाडी थांबली. खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं. त्याने मागे वळून बघितलं, चष्मा नाकावर वर सरकवला, आणि त्याची नजर तिच्यावरून खाली उतरून त्या दोघांवर गेली, एका ओळीत शहाण्यासारखे बसलेल्या दोघांवर.

“अगं, अण्णासुद्धा!” तो आनंदाने ओरडला. “शाब्बास! शाब्बास गं! असंच चालू ठेव!”

त्याने हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. मग गाडी वळली.

फोन खिशात होता. तिने काढला, त्याचं नाव समोर आणलं. काय सांगणार? की ते कुत्र्यांना नव्हतं, तुला होतं? जा म्हणताना तिला सरळ मराठी येत होती, आणि राहा म्हणायच्या वेळी तिने कुत्र्यांची भाषा वापरली होती. त्याने ती बरोबर ओळखली, यात त्याची काय चूक? आणि किती खूश झाला होता तो! तिने फोन परत खिशात ठेवला.

वळणावरून एक बस आली. एक सायकलवाला गेला. दप्तर सावरत दोन मुली गेल्या. ती त्या वळणाकडे बघत उभी होती, आणि किती वेळ उभी होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. पायाशी दोघं बसलेलेच होते. सांगितल्याशिवाय उठायचं नाही, हा धडा त्याने पक्का करून घेतला होता. पण अण्णांचे मागचे पाय आता थरथरायला लागले होते. त्या हाडांना एवढा वेळ बसणं झेपत नव्हतं. नवी हळूच सरकून त्यांना टेकली होती. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते, एका शब्दासाठी.

तो शब्द काढायला तिला फार जड गेलं. अण्णांचे पाय दुखत होते, म्हणूनच केवळ तिने तो काढला.

“झालं,” ती म्हणाली.

दोघं उठले आणि घराच्या दिशेने चालू लागले.